भाडेकरू राहत असलेले जुने घर विकत घेऊन दुरुस्त करायचे आहे: गोव्यातील खरेदीदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापसा, मडगाव, फोंडा, पणजी अशा शहरांत आणि आसपासच्या गावांत चिऱ्याच्या भिंतींची, कौलारू छपराची जुनी घरे विक्रीला येतात, तेव्हा त्यांतील अनेक घरांत कोणी तरी आधीपासून राहत असते. अशा घराची किंमत कमी सांगितली जाते आणि नेमके तेच खरेदीदाराला भुरळ घालते. पुढील प्रश्नोत्तरे अशा खरेदीदारांसाठी आहेत. प्रत्यक्ष व्यवहार करण्यापूर्वी कागदपत्रे स्थानिक वकिलाला दाखवणे आवश्यकच आहे. निदान त्याला नेमके काय विचारायचे, हे येथे समजावे.

घराचा मालक बदलला की जुना भाडेकरार आपोआप संपतो का?

नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 109 नुसार मूळ मालकाचे भाडेकरूविषयीचे हक्क नव्या मालकाकडे येतात आणि त्याच्या जबाबदाऱ्याही भाडेकरू त्याच्याकडून पुऱ्या करून घेऊ शकतो. त्याशिवाय गोवा, दमण व दीव इमारती (भाडेपट्टा, भाडे व निष्कासन) नियंत्रण अधिनियम, 1968 या कायद्याचे संरक्षण ज्या भाडेकरूला आहे, त्याला त्या कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज आणि त्यात सांगितलेल्या मार्गाखेरीज घराबाहेर काढता येत नाही, मग विक्रीखतात काहीही लिहिलेले असो. विक्रीखत हा विक्रेता आणि खरेदीदार या दोघांमधला दस्त आहे. त्यावर सही न केलेल्या भाडेकरूला तो बांधत नाही.

घरात राहणारा माणूस भाडेकरू आहे, मुंडकार आहे की नुसता राखणदार, हे कसे ओळखायचे?

गोव्यात सर्वांत आधी सोडवायचा प्रश्न हाच आहे, आणि बाहेरून आलेले खरेदीदार नेमका याच्याकडे काणाडोळा करतात. विक्रेता सरसकट ‘भाडेकरू आहे’ असे सांगतो. प्रत्यक्षात ती व्यक्ती मुंडकार निघाली, तर व्यवहाराचे सगळे गणितच बदलते.

मुंडकारांना गोवा, दमण व दीव मुंडकार (निष्कासनापासून संरक्षण) अधिनियम, 1975 चे संरक्षण आहे. भाटकाराच्या (म्हणजे जमीनमालकाच्या) जमिनीवर त्याच्या संमतीने कायम वास्तव्याचे घर करून राहणारी व्यक्ती, ढोबळमानाने, मुंडकार ठरते. भाटकाराच्या मालकीच्या घराचे भाडे भरून राहणारी व्यक्ती मात्र या व्याख्येतून वगळलेली आहे. पगार घेऊन भाटकाराच्या आवारातील खोलीत राहणारा घरकामगार किंवा राखणदारही तसाच वगळलेला आहे. म्हणून भाड्याच्या पावत्या येथे दोन्ही बाजूंनी महत्त्वाच्या ठरतात. मालक पावत्या देत नव्हता, भाडे ‘असेच हातावर’ घेत होता किंवा कित्येक वर्षे घेतच नव्हता, असे कळले तर खरेदीदाराने सावध व्हावे, कारण पुढे मुंडकारपणाचा दावा झाल्यास भाड्याचे नाते सिद्ध करणे अवघड जाते.

मुंडकाराला आपले राहते घर आणि त्याखालील व भोवतालची जमीन विकत घेण्याचा हक्क आहे. पंचायत क्षेत्रात ही जमीन 300 चौरस मीटरपर्यंत आणि इतरत्र 200 चौरस मीटरपर्यंत असू शकते. जमीन तिसऱ्याला विकली गेली तरी हा हक्क नव्या मालकाविरुद्ध टिकतो. लहान भूखंडाच्या बाबतीत याचा अर्थ असा की, ज्या जागेवर आपण स्वयंपाकघर आणि अंगण आखले आहे तीच जागा हातची जाऊ शकते.

पडताळणीसाठी एक-चौदाचा उतारा (गोव्यातील जमिनीच्या हक्कांची नोंद) काढावा आणि त्यात कब्जेदाराचे नाव पाहून न थांबता कुळाचा रकाना व इतर हक्कांचा रकानाही वाचावा, कारण मुंडकारांची नावे बहुधा इतर हक्कांत सापडतात. नंतर मामलेदार कार्यालयात मुंडकारांच्या नोंदवहीची आणि प्रलंबित अर्जांची चौकशी करावी. घराला लागून भातशेती किंवा बागायत असेल, तर गोवा, दमण व दीव कृषी कूळ अधिनियम, 1964 खाली कुणाचे नाव लागले आहे का, तेही पाहावे.

एवढे झाल्यावर स्वतः त्या घरी जाऊन, विक्रेत्याच्या अनुपस्थितीत, राहणाऱ्या माणसाशी बोलावे. ‘तुम्ही येथे कधीपासून राहता, भाडे कुणाला देता, मागची पडवी कुणी बांधली’ हे तीन साधे प्रश्न पुरेसे असतात. कायद्याच्या दृष्टीनेही ही भेट महत्त्वाची आहे, कारण प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या व्यक्तीच्या हक्काची खरेदीदाराला जाणीव होती, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम गृहीत धरतो. ‘मला कुणी सांगितले नव्हते’ हा बचाव तेथे चालत नाही.

इंटरनेटवर वाचलेले अकरा महिन्यांच्या कराराचे आणि भाडे नियंत्रणाचे नियम गोव्यात लागू होतात का?

मराठीत उपलब्ध असलेली बहुतेक माहिती महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 विषयीची असते आणि तो कायदा गोव्यात लागू नाही. सातबाराही येथे नाही. केंद्र सरकारचा 2021 चा आदर्श भाडेकरू कायदा हा राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे; तो आपोआप कुठेही लागू होत नाही. करारावर ‘लिव्ह अँड लायसन्स’ असे शीर्षक असल्याने प्रश्न मिटतोच असेही नाही. मथळ्यापेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप, विशेषतः जागेचा अनन्य ताबा कुणाकडे होता, हे न्यायालय पाहते. सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात ही कसोटी मांडली आणि ती आजही वापरली जाते.

विक्रेता म्हणतो, ‘तुम्ही इस्क्रितूर (विक्रीखत) करून घ्या, भाडेकरू महिन्याभरात जाईल.’ विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. जो भाडेकरू महिन्याभरात जाणार आहे, त्याला आधी जाऊ द्यावे आणि विक्रीखत त्यानंतर करावे. विक्रेत्याला रिकाम्या घराची किंमत हवी असेल, तर घर रिकामे करण्याचा खर्च, वेळ आणि जोखीम त्याने उचलावी. भाडेकरूसह घर द्यायचे असेल, तर किंमतही त्या हिशेबाने ठरावी. या दोहोंच्या मधला मार्ग, म्हणजे रिकाम्या घराची किंमत आणि भरलेल्या घराचा ताबा, हा खरेदीदाराने कधीही स्वीकारू नये.

विक्रेता खरोखर प्रामाणिक असेल, तर विक्रीचा करार करून किमतीचा मोठा भाग रिकामा ताबा मिळेपर्यंत राखून ठेवण्यास त्याची हरकत नसते. त्यासाठी करारात तारीख असावी आणि त्या तारखेपर्यंत ताबा न मिळाल्यास इसारा परत घेऊन बाहेर पडण्याचा पर्याय खरेदीदाराकडे असावा.

खरेदीपूर्वी कोणकोणती कागदपत्रे पाहावीत?

भाडेकरूसंबंधी पाहायचे कागद मोजके आहेत: मूळ भाडेकरार, मागील काही वर्षांच्या पावत्यांची स्थळप्रत, ठेवीची नोंद आणि दोघांमध्ये झालेला पत्रव्यवहार. पावतीपुस्तक हातात घेऊन बारकाईने वाचावे. पावत्या कुणाच्या नावे आहेत, वडिलांच्या की मुलाच्या? मध्येच रक्कम बदलली आहे का? ‘घरभाडे’ लिहिले आहे की ‘जागाभाडे’? शेवटची पावती कोणत्या महिन्याची आहे? वीज आणि पाण्याची जोडणी कुणाच्या नावावर आहे, पंचायतीची घरपट्टी कोण भरतो, हेही पाहावे. घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही, पण कोण किती काळ आणि कोणत्या भागात राहत आला, याचा तो चांगला पुरावा असतो.

दुसरी बाजू विक्रेत्याची. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या कौटुंबिक कायद्यामुळे पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते आणि विक्रीखतावर दोघांच्याही सह्या लागतात. घर वडिलोपार्जित असेल, तर इन्व्हेंतार (वारसांमधील वाटणीची कायदेशीर कार्यवाही) पूर्ण झाला आहे का, किंवा सर्व वारस आणि त्यांचे जोडीदार दस्तावर येत आहेत का, ते पाहावे. गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियम, 2012 हा आता या विषयावरचा कायदा आहे. पोर्तुगालमध्ये किंवा मुंबईत राहणाऱ्या एका वारसाची सही राहिली, की भाडेकरूला आयताच मुद्दा मिळतो: ‘खरा मालक कोण ते आधी ठरू द्या, मग भाडे देतो.’

थकलेले भाडे आणि जुनी ठेव यांचे काय होते?

खरेदीच्या तारखेपूर्वीचे थकलेले भाडे नव्या मालकाला आपोआप मिळत नाही. ते हवे असल्यास विक्रीखतात स्पष्ट शब्दांत हस्तांतरित करून घ्यावे लागते. ठेवीचे उलट आहे. भाडेकरू बाहेर पडताना ती नव्या मालकाकडेच मागणार, म्हणून तेवढी रक्कम किमतीतून वळती करून घ्यावी. भाडेकरूचे नाव, दरमहा भाडे, कोणत्या महिन्यापर्यंत भाडे मिळाले आणि कोणताही दावा प्रलंबित आहे किंवा नाही, याविषयी विक्रेत्याचे निवेदन आणि ते खोटे ठरल्यास भरपाईची हमी, ही दोन्ही विक्रीखतात असावीत.

विक्रीखत झाल्यावर भाडेकरूला काय कळवायचे?

विक्रेता आणि खरेदीदार यांच्या संयुक्त सहीचे एक पत्र, पोचपावती मिळेल अशा टपालाने, लगेच पाठवावे. घर कोणत्या तारखेला विकले गेले, यापुढे भाडे कुणाला आणि कोणत्या बँक खात्यात द्यायचे, ठेव कुणाकडे आली, एवढाच मजकूर त्यात असावा. घर सोडण्याची मागणी या पहिल्याच पत्रात घालण्याचा मोह आवरावा. विक्रीची कल्पना नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला दिलेले भाडे त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही, हे पत्र लगेच पाठवण्याचे मुख्य कारण आहे. भाडे येऊ लागले की दरमहा पावती द्यावी. पावती दिल्याने भाडेकरू ‘पक्का’ होतो हा समज चुकीचा आहे. उलट भाडे घेण्याचे टाळणाऱ्या मालकाचीच बाजू पुढे लंगडी पडते.

‘मला घर दुरुस्त करायचे आहे’ हे कारण भाडेकरूला काढण्यास पुरेसे आहे का?

नुसते तेवढे सांगून नाही. 1968 च्या कायद्यात निष्कासनाची कारणे ठरवून दिलेली आहेत. एकूण तीन महिन्यांचे भाडे थकणे आणि रीतसर नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत ते न भरणे, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, राहण्याच्या जागेचा अन्य कारणासाठी वापर करणे, इमारतीचे नुकसान करणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, मालकाची मालकी खोटेपणाने नाकारणे ही त्यांपैकी काही. निवासी घर मालकाला स्वतःच्या राहण्यासाठी खरोखर हवे असणे, हा वेगळा आधार आहे. अर्ज भाडे नियंत्रकापुढे करावा लागतो. त्याच्या निर्णयावर प्रशासकीय लवादाकडे अपील आणि पुढे पर्वरी येथील मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे याचिका होऊ शकते, त्यामुळे निकाल या पावसाळ्यापूर्वी लागेल असे धरून कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नये.

‘दुरुस्तीसाठी काही काळ बाहेर जा’ आणि ‘कायमचे जा’ या दोन मागण्यांत फार अंतर आहे. पहिल्या मागणीला भाडेकरू राजी झाला, तर काम संपल्यावर तो परत येणार हे गृहीत धरूनच नकाशा आखावा आणि पर्यायी जागा, तिचे भाडे व परतीची तारीख लेखी ठरवावी. राहायला स्वतः यायचे नसताना ‘स्वतःसाठी घर हवे’ असा अर्ज करणे हा खोटेपणा आहे, आणि उलटतपासणीत तो उघडा पडतो.

भाडेकरू राहत असताना कोणती कामे करता येतात?

समजतात त्यापेक्षा बरीच. जुन्या गोमंतकीय घराचा खरा रोग छपरात आणि जोत्यापाशी असतो, आणि ही दोन्ही कामे माणसे घरात असताना टप्प्याटप्प्याने होऊ शकतात. कौले उतरवून वासे आणि रिपा तपासणे, वाळवी लागलेले लाकूड बदलणे, फुटकी कौले बदलून छप्पर पुन्हा शाकारणे हे काम एका वेळी एकाच खोलीवर घ्यावे. भाडेकरूचे सामान दुसऱ्या खोलीत हलवून, ताडपत्री हाताशी ठेवून, सकाळी उघडलेला भाग संध्याकाळपर्यंत झाकला जाईल इतकेच छप्पर एका दिवशी उघडावे. मे महिन्याच्या मध्यापर्यंत छप्पर बंद झालेच पाहिजे. वळीव कुणाची वाट पाहत नाही.

चिऱ्याच्या भिंतीत जमिनीतून ओल चढत असेल, तर त्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवण्याची घाई करू नये. ओल आतच कोंडून ती आणखी वर चढते. आधी घराभोवतालचे पाणी बाहेर काढण्याची गटारे मोकळी करावीत आणि भिंतीला चुन्याचा गिलावा द्यावा. हे काम बाहेरून होते आणि भाडेकरूला त्याचा त्रास जवळजवळ होत नाही. जुनी विजेची जोडणी बदलणे आणि अर्थिंग करणे हे त्याच्याही सुरक्षिततेचे काम असल्याने त्याला सहसा विरोध होत नाही.

स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर पाडणे, खोल्यांच्या भिंती हलवणे, मजला चढवणे अशी कामे मात्र त्याच्या लेखी संमतीशिवाय करू नयेत. परवान्यांचा भाग वेगळाच आहे. रचनेत बदल असेल तर पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना लागतो आणि नगर नियोजन खात्याची मान्यताही लागू शकते. पणजीतील फोंतायनस-माळ्यासारख्या संवर्धन क्षेत्रात दर्शनी भाग, सोपे, खिडक्या यांना हात लावण्यापूर्वी ही चौकशी हवीच. समुद्रापासून 500 मीटरच्या आत घर असेल, तर किनारी विभागाच्या नियमांची पडताळणी आधी करावी, कारण अनधिकृत कामाची तक्रार करणारी पहिली व्यक्ती बहुधा दुखावलेला भाडेकरूच असतो.

तो ऐकत नसेल तर पाणी किंवा वीज तोडता येईल का?

मुळीच नाही. कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे, छप्पर उघडे टाकून कामगार परत पाठवणे हेही त्यातच आले. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा गमावलेली व्यक्ती विशिष्ट दिलासा कायदा, 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवू शकते, आणि त्या दाव्यात मालक कोण आहे हा प्रश्न पाहिला जात नाही. पोलीस तक्रार होईल ती निराळीच.

पैसे देऊन भाडेकरूला घर सोडायला लावणे कायदेशीर आहे का?

राजीखुशीने झालेली तडजोड कायदेशीर आहे आणि बहुतेक वेळा तीच सर्वांत स्वस्त पडते. रक्कम ठरवताना भाडेकरूच्या बाजूनेही हिशेब करून पाहावा: त्याच गावात तेवढीच जागा आजच्या भाड्याने घेतली तर काही वर्षांचा फरक किती येतो, मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईचा दवाखाना किती अंतरावर राहील. जुन्या नाममात्र भाड्यावर राहणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक मोठा असतो, आणि ‘दोन महिन्यांचे भाडे सोडून देतो’ असा देकार त्याला थट्टा वाटला तर नवल नाही.

भाडेहक्क सोडल्याचा लेख करावा आणि त्यावर घरात राहणाऱ्या सर्व सज्ञान व्यक्तींच्या सह्या घ्याव्यात. काही रक्कम सहीच्या वेळी आणि मोठा भाग घर रिकामे करून चाव्या देताना, दोन्ही बँकेमार्फतच द्यावे. भाडे नियंत्रकापुढे प्रकरण सुरू असेल, तर तडजोडीच्या अटी तेथे दाखल करून त्यानुसार आदेश घ्यावा.

मूळ भाडेकरू वारला असून आता त्याचा मुलगा राहतो. त्याला हक्क आहे का?

बहुधा आहे. मूळ भाडेकरूसोबत राहत असलेल्या कुटुंबीयांकडे भाडेहक्क जातो, आणि व्यापारी जागेचा भाडेहक्कही वारसांकडे जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 च्या ग्यानदेवी आनंद प्रकरणात म्हटले आहे. नोटीस पाठवताना विधवा, मुलगे आणि विवाहित मुली अशा सर्व वारसांची नावे घालावीत.

बारा वर्षे राहिल्यावर भाडेकरू मालक होतो, हे खरे का?

भाडेकरू म्हणून राहणाऱ्याचा ताबा मालकाच्या परवानगीचा असतो, म्हणून नुसत्या कालावधीने तो प्रतिकूल ताबा (मालकाच्या हक्काविरुद्ध ठेवलेला ताबा) ठरत नाही.

जुन्या मालकाने निष्कासनाचा अर्ज आधीच केला आहे. तो पुढे चालवता येतो का?

खरेदीदाराला त्यात स्वतःचे नाव लावून घेण्याची परवानगी मागता येते. पण अर्ज जुन्या मालकाच्या स्वतःच्या राहण्याच्या गरजेवर आधारलेला असेल, तर घर विकताच ती गरज संपते आणि नव्या मालकाला स्वतःच्या कारणांवर नव्याने सुरुवात करावी लागते. ‘केस जवळजवळ जिंकलीच आहे’ असे सांगून किंमत वाढवणाऱ्या विक्रेत्याकडून अर्जाची प्रत मागून घ्यावी आणि कारण कोणते दिले आहे ते आधी वाचावे.

दुरुस्तीनंतर भाडे वाढवता येते का?

परस्परसंमतीने नवा लेखी करार करून भाडे वाढवणे हा सरळ मार्ग आहे. एकमत न झाल्यास रास्त भाडे ठरवण्याची तरतूद कायद्यात आहे आणि तो अधिकार भाडे नियंत्रकाचा आहे. छप्पर गळत असताना वाढ मागितली तर भांडण होते. शाकारलेल्या छपराखाली पहिला पावसाळा कोरडा गेल्यावर तीच मागणी पटण्याजोगी वाटते.

अर्ध्या घरात भाडेकरू राहू देऊन उरलेल्या भागात पर्यटकांसाठी खोल्या काढता येतील का?

रिकामा भाग पूर्णपणे स्वतंत्र असेल तर शक्य आहे, मात्र गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी अधिनियम, 1982 खाली नोंदणी करावी लागते. विहीर, अंगण, वाट सामाईक असल्यास आधी भाडेकरूशी बोलावे, कारण त्या वापराचाही त्याला हक्क असतो.

अखेर घर रिकामे होण्याचा दिवस ठरला. त्या दिवशी काय करावे?

दोन साक्षीदारांसह प्रत्येक खोलीत फिरून छायाचित्रे घ्यावीत, वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे लिहून घ्यावेत, मागची पडवी आणि माळाही पाहावा, कारण सामान तेथेच राहते. ‘घर रिकामे करून चाव्या दिल्या, कोणताही हक्क उरला नाही’ असा मजकूर असलेली ताबापावती दोघांच्या सहीने तेथेच करावी आणि मगच उरलेली रक्कम व ठेव द्यावी. जोडण्या भाडेकरूच्या नावे असतील, तर नावबदलाच्या अर्जावर त्याची सहीही त्याच वेळी घ्यावी. एकदा तो दुसऱ्या तालुक्यात राहायला गेला की त्या एका सहीसाठी फेऱ्या माराव्या लागतात.